शिंगं नसलेल्यांची गोष्ट



कामरगावच्या विहारात जयंतीच्या तयारीची बैठक होती. माणसं जमायला नेहमीप्रमाणे उशीर. कोपऱ्यात अकरावीतला एक पोरगा मोबाईलवर जुनं जपानी कार्टून पाहत बसला होता. पाच यंत्रं आकाशात एकमेकांना जोडली जातात आणि त्यांचा डोंगराएवढा यंत्रमानव होतो. मी चिडूनच म्हटलं, "परीक्षा तोंडावर आली अन् तू हे पाहत बसला?" तो म्हणाला, "भाऊ, पह्यले पाहा त, मंग बोला. याच्यात जात आहे."

पाहिलं. पोरगा खरं बोलत होता.

त्या मालिकेचं नाव 'व्होल्टेस फाइव्ह'. ती १९७७ साली जपानी टीव्हीवर आली, दिग्दर्शक तादाओ नागाहामा, एकूण ४० भाग. बोआझान नावाचा एक ग्रह आहे. तिथं डोक्यावर शिंगं घेऊन जो जन्मतो तो सरदार, आणि जो बिनशिंगाचा जन्मतो तो गुलाम. अक्कल, मेहनत, चारित्र्य कोणी विचारत नाही. ला-गोर नावाचा राजघराण्यातला माणूस बिनशिंगाचा जन्मलेला असतो आणि खोटी शिंगं लावून जगत असतो. एक दिवस ते उघडं पडतं आणि गादीचा हा दावेदार गुलामांच्या रांगेत फेकला जातो. तो पळून पृथ्वीवर येतो, नाव बदलतो, संसार थाटतो. पुढं त्याच साम्राज्याची फौज पृथ्वीवर चालून येते.

खोटी शिंगं पाहिली आणि मी थांबलो. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव गिळणारी आपली किती माणसं मला माहीत आहेत! मीही एकदा गिळलं होतं. घरमालकानं पूर्ण नाव विचारलं आणि मी नुसतं पहिलं सांगून विषय बदलला. पुढची दोन वर्षं त्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवला. ला-गोर आरशासमोर उभा राहिला असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

तसं जपानी कार्टून आपल्या गावांना नवं नाही. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं, तेही जपानमध्येच बनलेलं. टीव्ही मोजक्या घरी. ज्या घरी आम्ही जायचो तिथं त्यांची पोरं सतरंजीवर आणि आम्ही खिडकीबाहेर, गजांना धरून. मोगलीला लांडग्यांनी आपल्यात घेतलं, हे आम्ही बाहेर उभं राहून पाहिलं.

आता कोणी म्हणेल, अशी जुनी कार्टूनं आज पाहायची कशाला? चित्रं साधी, दर भागात एक राक्षस, दर भागात तीच जोडणी, तीच तलवार. हे खरंच आहे. यातल्या बऱ्याच मालिकांच्या मागं खेळण्यांच्या कंपन्यांचा पैसा होता आणि तो दिसतोही. घाई असेल तर लढाया पुढं ढकला, काही बुडत नाही.

पण एक हुकूमशहा या कार्टूनवर बंदी घालतो, याचा विचार करा. फिलिपिन्समध्ये ही मालिका घराघरात पोचली होती. १९७९ साली मार्कोसनं ती बंद केली, तीही शेवटचे थोडेच भाग उरले असताना. कारण दिलं हिंसेचं. शेवटच्या भागांत काय आहे? बोआझानचे गुलाम उठतात आणि सम्राटाची गादी उलथते. लोकांनी दोन आणि दोन चार केले. जपानही काही समतेचा स्वर्ग नव्हे. तिथल्या जन्मावरून हीन ठरवलेल्या बुराकू समाजानं १९२२ साली सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली, आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी.

माझं या मालिकेशी भांडणही आहे. गुलामांचा पुढारी राजघराण्यातलाच का लागतो? चवदार तळ्यावर लोक स्वतःच्या पायांनी गेले होते, कोणा राजपुत्राच्या यंत्रमानवात बसून नव्हे. दुसरं, बोआझानमध्ये थर दोनच आहेत. शिंगं आहेत किंवा नाहीत. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता त्याहून चिवट आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर छोटंमोठं शिंग आहे, आणि खालच्याचं आपल्यापेक्षा आखूड आहे यावरच तो खूश आहे. असा ग्रह त्या लेखकांना सुचला नाही. आपल्या पोराला सुचेल.

त्याच पोरानं मग 'गंडाम' दाखवलं. योशियुकी तोमिनो यांची १९७९ सालची मालिका, प्रेक्षक मिळेना म्हणून ५२ ऐवजी ४३ भागांत गुंडाळलेली. अंतराळातल्या वसाहतींत राहणाऱ्यांना स्वातंत्र्य हवं असतं. त्यांना विचार देणारा नेता झिऑन मरतो. मग एक घराणं त्याच्या नावाचा जयजयकार करत सत्ता बळकावतं आणि प्रजासत्ताकाची जहागिरी करून टाकतं. राज्याला नाव मात्र त्याच नेत्याचं. भर सभेत त्याच्या नावानं भाषणं होतात आणि टाळ्या पडतात.

हे पाहताना बैठकीतले आम्ही चार-पाच जण एकदम गप्प झालो. आपल्यातले किती गट, किती अध्यक्ष, मंचावर फोटो कोणाचा आणि खुर्ची कोणाची, ते मी इथं लिहीत बसत नाही. तुम्हाला नावं पाठ आहेत.

तेवढ्यात वर्गणीचा विषय निघाला आणि डीजेवरून वाद सुरू झाला. पोरगं मोबाईल खिशात घालून म्हणालं, "भाऊ, डीजेचे पैसे वाचले त प्रोजेक्टर भाड्यानं आणू. आपल्याच भिंतीवर लावू." डीजेवाल्या पोरांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं. बैठक रात्री अकरापर्यंत चालली आणि प्रोजेक्टर दोन मतांनी पडला. त्यातलं एकही मत माझं नव्हतं.