पाकळ्यांचे घर

तुर्कस्तान आणि इराण या देशांत ओस्मिया ॲव्होसेट्टा नावाची एक मधमाशी आढळते आणि ती आपल्या अपत्यासाठी जमिनीत फुलांच्या पाकळ्यांची खोली बांधते. ही माशी एकांडी आहे, म्हणजे तिला राणी नाही, कामकरी भगिनी नाहीत, पोळेही नाही; घरटे खणण्यापासून ते कायमचे बुजवण्यापर्यंतचे सारे श्रम एकाच मादीचे असतात. गुलाबाची पाने कातरणाऱ्या माश्या ज्या कुळातील, त्याच कुळातील ही आहे. या कुळातील माद्या पराग पायांवर नव्हे, तर पोटाखालच्या दाट केसांवर वाहून आणतात आणि पोळ्यातील माशीप्रमाणे अंगातून मेण स्रवून घर उभारणे त्यांना साधत नसल्यामुळे घराचे सामान बाहेरून गोळा करतात: कोणी पानांचे तुकडे, कोणी झाडाचा डिंक, कोणी चिखल, तर कोणी पानांवरची मऊ लव.

ओस्मिया ॲव्होसेट्टाने या सामानात पाकळ्यांची निवड केली. जमिनीत उथळ बीळ खणून ती पिवळ्या, गुलाबी, निळ्या, जांभळ्या पाकळ्यांचे तुकडे तोंडात धरून आणते, एकावर एक बसवून बाहेरचा थर रचते, त्यावर आतून ओल्या मातीचा पातळ लेप देते आणि त्या लेपावर पुन्हा पाकळ्यांचे अस्तर चढवते. जेमतेम अर्ध्या इंचाच्या या कप्प्यात मकरंद आणि पराग यांचे मिश्रण साठवून त्यावर ती एक अंडे घालते, मग आतल्या पाकळ्या दुमडते, तोंड मातीने लिंपते आणि शेवटी बाहेरच्या पाकळ्या मिटून घेते. पुढे माती वाळून कप्पा कठीण होतो, आतला ओलावा मात्र टिकून राहतो, आणि त्या ओलाव्यात अळी अन्न संपवून कोश विणते व थंडीचे महिने काढून पुढच्या वसंतात पूर्ण वाढलेली माशी होऊन बाहेर येते. जिच्यासाठी एवढी कलाकुसर झाली, त्या लेकीची आणि आईची गाठ कधीच पडत नाही. तरीही लेक कोणाच्याही शिकवणीवाचून तशीच खोली बांधते, आणि या कुळाच्या अभ्यासातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच म्हणावी लागेल.

पाकळ्यांचा असा वापर अगदीच अपूर्व नव्हे. खसखशीच्या जातीच्या तांबड्या रानफुलांच्या पाकळ्यांनी घरट्याला अस्तर लावणाऱ्या एका युरोपीय माशीचे वर्णन रेओम्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच केले होते. ॲव्होसेट्टाची घरटी मात्र २००९ साली सापडली, तीही तुर्कस्तानात आणि इराणात काम करणाऱ्या दोन वेगवेगळ्या गटांना एकाच दिवशी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या जेरोम रोझेन यांनी सहकाऱ्यांसह त्यांचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध केले. माशीला नाव आधीच मिळाले होते, तिचे घर मात्र कोणी पाहिले नव्हते; टाचणीला टोचलेला नमुना पंखांच्या शिरा सांगतो, आयुष्य सांगत नाही, ते समजण्यासाठी माणसाला ऐन बहरात मातीशी वाकून बसावे लागते.

या कुळातील पाने कातरणाऱ्या माश्या महाराष्ट्रातही आहेत आणि तुरीच्या फुलांवर त्यांची ये-जा असते. अंगणातील गुलाबाच्या पानांच्या कडांना सुबक गोल काप दिसले, तर ती कीड समजून औषध फवारू नये. माशी ते तुकडे खात नाही, घरट्यासाठी नेते, आणि झाडाला त्यामुळे फारसा अपाय होत नाही.