नालछ्याचा थांबा

धारहून मांडवगडास निघालेला प्रवासी नालछ्यास सहसा उतरत नाही. त्याचे डोळे जहाजमहाल आणि रूपमतीच्या मंडपाकडे लागलेले असतात. आम्हीही अनेक वर्षे असेच येथून पुढे गेलो. गेल्या वर्षी मात्र शाळेच्या सहलीच्या गाडीचे चाक नेमके येथेच बसले आणि तास-दोन तास नालछ्याचा पाहुणचार घडला.

पावसाळा नुकताच सरला होता. शेतांत मका कापणीस आला होता. रस्त्याच्या कडेला एक भिल्ल म्हातारी मांडवची चिंच विकत बसली होती. भोपळ्याएवढे ते फळ मुलांनी कौतुकाने हाताळले. ज्याला आपण गोरखचिंच म्हणतो तो हा अगडबंब वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. सुलतानांच्या काळी तो येथे आला असे सांगतात. परका असूनही तो येथल्या मातीत असा रुजला, की लोकांनी त्याला मांडवचेच नाव दिले!

इतक्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पीथमपुर तो इंदौर में है ना?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आम्ही चकित झालो. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. तेथील कारखाने आमच्याच जिल्ह्याच्या भूमीवर उभे आहेत. पण जगाने ते इंदूरच्या नावे मांडले आणि आता आमची मुलेही तसेच समजू लागली. धाकट्याची वस्तू थोरल्याच्या नावे जमा व्हावी, ही रीत जुनीच आहे.

संस्थानी काळात धारचे क्षेत्र सुमारे १,७७५ चौरस मैल, तर होळकरांच्या इंदूरचे सुमारे ९,५०० होते. पवार, होळकर, शिंदे हे तिघेही पेशव्यांच्या झेंड्याखाली माळव्यात आलेले. पण केंद्रसत्ता दुबळी झाली आणि थोरल्या भावांनी धाकट्याचे घर लुटण्यास आरंभ केला. दुसरे आनंदराव पवार १८०७ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. घरचा दावेदार आणि दारचे शत्रू यांच्या भयाने त्यांनी मांडवगडाचा आश्रय घेतला आणि तेथेच रामचंद्ररावांना जन्म दिला. धारहून मांडवास जाणारी वाट नालछ्यावरूनच जाते. तेव्हा त्या माउलीची पालखी येथूनच गेली असावी. पुढे ते बाळही गेले. बाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि शिंदे-होळकरांच्या फौजांपुढे धारची गादी टिकवली. मराठ्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण मुलांना हौसेने सांगतो. मराठ्यांनीच मराठ्यांना नागवल्याची ही कथा मात्र क्वचितच सांगतो.

अखेर १८१९ साली धारने इंग्रजांशी तह केला. जवळच्या बलाढ्यापासून वाचण्यासाठी दूरच्या बलाढ्याचा आधार! त्याच सुमारास सर जॉन माल्कम याने नालछ्यातील एक पडका महाल दुरुस्त करून उन्हाळ्यासाठी आपले बिऱ्हाड थाटले. आधाराची किंमत पुढे चुकवावी लागली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी संस्थान जप्त केले आणि १८६० साली परत दिले, ते बैरसिया परगणा भोपाळच्या सिकंदर बेगमेच्या पदरी घालून.

गोरखचिंचेच्या आफ्रिका खंडातही अशी एक धाकटी पाती आहे. लेसोथो हा डोंगराळ देश चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. त्यांचा राजा मोशोएशोए यानेही शेजारच्या बोअरांच्या भयाने १८६८ साली इंग्रजांचेच छत्र पत्करले. १९६६ साली देश स्वतंत्र झाला, तरी तेथले पुरुष पोटासाठी शेजाऱ्याच्या सोन्याच्या खाणींत उतरत राहिले. जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळली आणि लेसोथोचे सरकार लष्कराने उलथले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डोंगरांतले पाणी शेजाऱ्यास देण्याचा करार झाला. करार कोणत्या दडपणाच्या दिवसांत झाला, हे विसरता येत नाही; पण त्या पाण्याचे मोल लेसोथोच्या तिजोरीत जमा होते आणि पाणी कोणाचे, याविषयी कोणाच्या मनात संभ्रम नाही.

आमच्याकडे संभ्रम आहे तो येथेच. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला आणला गेला. लोक रस्त्यावर उतरले, तरी त्याच वर्षी तो तेथे जाळण्यात आला. कारखान्यांची कीर्ती इंदूरची, आणि राख मात्र धारची!

हे लिहिताना आमच्या घरचेच उदाहरण डोळ्यांपुढे येते. आमचे चिरंजीव इंदूरला स्थायिक झाले आहेत. धारचे आजोबांच्या वेळचे घर विकून तिकडे या, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांचे प्रेम खरे आहे. तेथे दवाखाने आहेत, नाट्यप्रयोग आहेत, मराठी मंडळी आहेत. धारच्या आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीस पूर्वी अंगण पुरत नसे. आता ओटी पुरते. मग हट्ट कशासाठी, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच अनेकदा केला.

नालछ्याहून परतल्यावर आम्ही मुलांकडून जिल्ह्याचा नकाशा काढून घेतला. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने पीथमपूर ठळक अक्षरांत लिहिले. त्याच रात्री आम्ही चिरंजीवांस कळवले: दिवाळीला आम्ही इंदूरला येऊ; गणपतीला मात्र तुम्ही सर्वांनी धारला यायचे. घर विकायचे नाही.

थोरल्याकडे जाण्यात कमीपणा नाही. मात्र आपल्या दाराची किल्ली आपल्याच कनवटीला असावी.