जिवंत दाणा

आमचे घराणे शिंद्यांच्या लष्कराबरोबर ग्वाल्हेरीस आले आणि येथलेच झाले. घरात मराठी आणि शेतात हिंदी, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. भिंडकडील आमच्या जमिनीस पाणी बेताचे. म्हणून गव्हाच्या जोडीला आम्ही जव करतो. घरात या धान्याला मोठा मान आहे. श्राद्धाच्या दिवशी तेच यव, नवरात्रात घटापाशी पेरावयास तेच, आणि उन्हाळ्यात सातूही त्याचाच. मात्र गेली काही वर्षे यातला बराचसा जव बिअरच्या कारखान्यास जातो, हे आम्ही काकूंसमोर फारसे बोलत नसू.

मागील वर्षी त्या कारखान्याने आमची भरलेली ट्रॉली फाटकावरूनच परत धाडली. कारण एवढेच सांगितले, की उगवण कमी आहे. दाणा टपोरा, पिवळाधमक. आणि त्यांना तो पेरावयाचा थोडाच होता! भाव पाडण्याची ही युक्ती, असे समजून आम्ही तो माल गुरांच्या खाद्यासाठी मातीमोलाने विकला. काकू म्हणाल्या, "देवानेच परत पाठविला."

यंदा फाल्गुनात, पीक उभे असतानाच, कारखान्याने आम्हां काही शेतकऱ्यांना पाहणीस बोलाविले. काकूही निघाल्या. "आपले धान्य कोठे जाते, ते एकदा डोळ्यांनी पाहू दे," म्हणाल्या.

उकळती पिंपे दिसतील, अशी आमची कल्पना. पहिल्या दालनात दिसला तो ओला जव! दोन दिवस भिजवून, पाणी निथळून, थंड ओलसर हवेत चार-पाच दिवस पसरलेला. मुळ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून यंत्र तो हलके हलके खालवर करीत होते. काकू थबकल्या. "अरे, हे तर आपले नवरात्रच की!"

तेथील तरुण रसायनज्ञाने सारे समजावून दिले. दाणा जागा झाला, की आपल्या कोंभाच्या पोषणासाठी पिठाची साखर करणारी द्रव्ये स्वतःच निर्माण करतो. नेमक्या त्या वेळी गरम हवेने सुकवून त्याची वाढ थांबवितात, हाच मॉल्ट. तो भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात मिसळला, की पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळतात, निववितात आणि त्यात यीस्ट सोडतात. ते साखर खाऊन मद्यार्क तयार करते. उरलेला चोथा गुरांना जातो.

"मेलेला दाणा यातले काहीच करू शकत नाही," तो म्हणाला. "शंभरांतले पंचाण्णव तरी जिवंत हवेत." ओल्या कागदावर मांडलेले शंभर दाणे त्याने दाखविले आणि विचारले, "काढणीनंतर माल ठेवता कोठे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गेल्या साली अवकाळी पावसाच्या धास्तीने किंचित ओला जव आम्ही पत्र्याच्या कोठीत भरला होता, आणि ती कोठी चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापत राहिली होती. आमचा दाणा आमच्याच घरी मेला होता. वर्षभर आम्ही शिव्या दिल्या त्या फाटकावरच्या माणसाला!

निघताना पाहुण्यांपुढे पेले आले. काकूंनी मात्र चिमूटभर मॉल्ट तोंडात टाकला. "गोड आहे," एवढेच बोलल्या. परतीच्या वाटेवर बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कोंभ आलेला दाणा भाजतात, हे काही मला रुचले नाही. पण जिवंत मागतात, हे खरे. आपण तेवढेही सांभाळले नाही."

यंदा जव खळ्यावर कडकडीत वाळविला आणि पोत्यांत भरून सावलीत फळ्यांवर रचला. काढणीनंतर काही आठवडे दाणा निजलेला असतो, असे त्या तरुणाने सांगितले होते. म्हणून ज्येष्ठ लागेपर्यंत थांबलो. काकूंनी आधी पितरांचे आणि घटाचे यव बाजूस काढले, मग शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी फडके सोडून त्यांनी कोंभ दोनदा मोजले. शहाण्णव.

"पाठवा आता," त्या म्हणाल्या.