दुसरी खेप

मी मूळचा पेडण्याचा. १९६६ साली मार्चच्या शालान्त परीक्षेत गणिताने मला दगा दिला. ऑक्टोबरात त्याच विषयात उत्तम गुण मिळाले. तरी प्रवेश मागायला गेलो तेव्हा कारकुनाने प्रथम विचारले, ‘दुसऱ्या खेपेचे का?’ तो प्रश्न अद्याप मनातून गेलेला नाही.

गेल्या फेब्रुवारीत डिचोलीची माझी नात जेईई मेनचा निकाल पाहून हिरमुसली होती. ‘आजोबा, एप्रिलात पुन्हा बसले तर हे कमी गुण आड येतील ना?’

आम्ही दोघांनी नियम वाचले. २०१९पासून ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०२१ साली तर ती चारदा झाली. ज्या खेपेचे एकूण गुण सरस, त्यांवरूनच क्रमांक लागतो. एका खेपेचे गणित नि दुसरीचे भौतिकशास्त्र अशी जोडाजोड मात्र चालत नाही. कुंकळ्ळीच्या एनआयटीतील प्रवेशही याच क्रमांकावर होतो.

‘बस पुन्हा,’ मी म्हटले. तिचे शुल्क आम्ही भरले. ज्या घराला तेवढेही झेपत नाही, तेथल्या मुलाची पहिली खेप हीच शेवटची ठरत असेल, हा विचार मात्र त्या दिवसापासून मनाला टोचत राहिला आहे.