‘काही नाही’ या उत्तराविषयी

बंगळूरमधील शिवाजीनगर हा भाषांच्या सहवासाचा एक जुना मुलूख आहे. १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या आसपास दखनी उर्दू, तमिळ आणि कन्नड या भाषा एकाच सौद्यात येऊन जातात. शाळेच्या वहीत मात्र बहुधा इंग्रजीचे राज्य असते. मराठीही या शहराला परकी नाही. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. अशा वस्तीत वाढणारा मराठी घरातील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आईशी एका भाषेत बोलतो, मित्रांशी दुसऱ्या भाषेत बोलतो आणि उत्तरपत्रिका तिसऱ्याच भाषेत लिहितो. त्याचे दुःख यांपैकी कोणत्या भाषेत व्यक्त होत असेल, हा प्रश्न वरवर भाषाशास्त्राचा वाटला, तरी प्रसंगी तो जीवनमरणाचा ठरतो.

पुष्कळदा ते कोणत्याच भाषेत व्यक्त होत नाही. “काय झाले?” या प्रश्नाला मिळणारे “काही नाही” हे उत्तर मराठी घरांत इतके परिचयाचे आहे, की त्याचा अर्थ लावण्याची कोणाला गरज वाटत नाही. अबोल मुलगी समजूतदार ठरते, चिडखोर मुलगा उद्धट ठरतो आणि “कंटाळा आला” म्हणणारा आळशी. वस्तुतः किशोरवयातील नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून प्रकट होते. झोप आणि भूक बदलणे, अभ्यासात चित्त न लागणे, डोके किंवा पोट वारंवार दुखणे, मित्रांना टाळणे, कालपर्यंत जीव की प्राण असलेले क्रिकेट वा गाणे नकोसे होणे, ही त्याची इतर रूपे होत. अशी अवस्था दोन आठवडे टिकून राहिली, तर ‘वयच तसे आहे’ असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष न करता वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. “मी नसलो तर बरे” अशा स्वरूपाचे उद्गार, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा, हे तर तातडीचे इशारे होत.

मनाच्या खचण्याची ही देहबोली भारतीय परंपरेला अनोळखी नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग असे आहे. तेथे अर्जुन प्रथम बोलतो ते आपल्या शरीराविषयी: गात्रे शिथिल झाल्याविषयी, तोंडाला पडलेल्या कोरडेविषयी, हातून गळणाऱ्या धनुष्याविषयी. अध्याय संपेपर्यंत सारथी त्याला मध्येच तोडत नाही. उपदेश नंतर येतो. ऐकणे आधी घडते. घराघरांतून हा क्रम नेमका उलटा झालेला आढळतो. मुलाने अर्धे वाक्य उच्चारावे, तोच “आमच्या वेळी” हा अध्याय सुरू होतो.

दुसऱ्याचे दुःख कसे सांगितले जाते, यालाही महत्त्व आहे. आत्महत्येच्या भडक वर्णनांतून होणाऱ्या अनुकरणाला गटेच्या १७७४ मधील कादंबरीच्या नायकावरून १९७४ साली ‘वेर्थर परिणाम’ असे नाव देण्यात आले. याची दुसरी बाजूही आहे. मोत्सार्टच्या १७९१ मधील ‘जादूची बासरी’ या संगीतिकेत निराश पापागेनो तीन मुलांनी वेळीच घातलेल्या सादेमुळे मागे फिरतो. संकटातून सावरलेल्यांच्या हकिगतींचा जो हितकारक परिणाम होतो, त्याला २०१० साली पापागेनोचे नाव मिळाले. गल्लीत घडलेल्या दुर्घटनेचे तपशील चघळावेत, की सावरलेल्या माणसाची हकिगत सांगावी, ही निवड म्हणूनच केवळ सभ्यतेची नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. या साऱ्याचे खापर परीक्षेवर फोडणे योग्य नव्हे. आजार, घरातील कलह, मानहानी, प्रेमभंग अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. परंतु खचलेल्या मनाला पुढचे दार दिसत नाही, हे खरे. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी त्याच वर्षी जुलैमध्ये फेरपरीक्षा घेण्यास प्रारंभ झाला. या साध्या प्रशासकीय निर्णयाचे मोल या दृष्टीने जाणले पाहिजे: निकालाच्या दिवशीच मुलाला दुसरे दार दाखविता येऊ लागले.

शंका आल्यास “जीव द्यावासा वाटतो का?” असे शांतपणे व स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत अभ्यासान्ती निराधार ठरली आहे. उत्तर होकारार्थी आले, तर रागावू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये, घातक वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शिवाजीनगरात बाउरिंग आणि लेडी कर्झन हे सरकारी रुग्णालय आहे. १९७४ साली स्थापन झालेली निम्हान्स ही राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि तेही मराठीतून. ज्याच्या दुःखाला परक्या भाषेत शब्द सापडत नाहीत, त्याला ही सोय मोठी आहे. मात्र तो दूरध्वनी होण्यापूर्वी घरातील कोणीतरी “काही नाही” हे उत्तर ऐकल्यावर उठून न जाता, आणखी थोडा वेळ मुलाजवळ बसले पाहिजे.