रेघेसाठी मशीन

टॅटूत शेडिंग थोडं इकडेतिकडे झालं तर सावरून घेता येतं. रेघेचं तसं नसतं. सरळ चाललेली रेघ मध्येच थरथरली, तर ती थरथर त्या माणसासोबत म्हातारी होते. म्हणून शिकणाऱ्याने पहिली चांगली मशीन रेघेसाठी घ्यावी, असं माझं मत. अडचण एवढीच, की ‘लायनिंगसाठी बेस्ट मशीन’ असं शोधलं की सल्ले मिळतात ते मोठ्या शहरातल्या एसी स्टुडिओचे. मला ती नवापुरात चालवायची होती. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. सामान आणायला किंवा काही दुरुस्त करायला सुरत गाठायचं.

पर्याय दोन होते. पहिला कॉइल. जुन्या विजेच्या घंटीत असतं तेच तंत्र: दोन विद्युतचुंबक पट्टी खाली ओढतात, तेवढ्यात संपर्क तुटतो, स्प्रिंग पट्टीला परत वर नेते. घरघर, वजन, हाताला झिणझिण्या. पण सुईचा ठोका करकरीत बसतो, आणि बिघडली तर स्क्रूड्रायव्हर आणि नवी स्प्रिंग यावर बऱ्याचदा काम भागतं. दुसरा रोटरी. यात मोटर फिरते आणि ते फिरणं सुईच्या वर-खाली होण्यात बदलतं. सॅम्युअल ओ'रायलीने १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये टॅटू मशीनचं पेटंट घेतलं, ते एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनच्या कल्पनेवरून. आजची रोटरी तर दिसतेही पेनसारखी. हलकी, शांत, पण आतून बंद. बिघडली की आपल्या हातात काही उरत नाही.

दोन्हींत मी आधी स्ट्रोक बघायला शिकले. स्ट्रोक म्हणजे सुई वर-खाली किती अंतर जाते ते. ती त्वचेत तेवढी खोल जात नाही. खोली साधारण एक ते दोन मिलिमीटर, आणि ती हाताने सांभाळायची. हलक्या शेडिंगला छोटा स्ट्रोक चालतो. रेघेला ३.५ ते ४ मिलिमीटर बरा, कारण ठोका जोरात बसतो आणि शाई एका फेरीत भरते. तीच रेघ तीनदा गिरवली की त्वचा सोलवटते.

मशीनची रेघ मुळात रेघ नसतेच. सेकंदाला शंभरच्या आसपास टोचे पडतात, ते एकमेकांना चिकटले की आपल्याला रेघ दिसते. हात पळाला आणि मशीन मंद असली की टिंबं सुटी पडतात. हात रेंगाळला की शाई खाली पसरून रेघेभोवती निळसर डाग येतो. म्हणजे मशीन निवडायची ती आपल्या हाताच्या वेगाला जुळणारी.

हे मला पटलं ते आजीचा हात बघून. तिचं गोंदण सुया एकत्र बांधून, काजळीने केलेलं. वीज नाही, स्ट्रोक नाही. काळी काजळी त्वचेखालून आता हिरवट निळी दिसते, रेघा जाड झाल्यात, पण नक्षी वाचता येते, कारण गोंदणारीने दोन टिंबांमध्ये जागा सोडली होती. आमच्या सावळ्या त्वचेवर मोबाइलमध्ये दिसणारी केसाएवढी राखाडी रेघ काही वर्षांत पुसट होते. शाई त्वचेच्या रंगाच्या थराखाली बसते. म्हणून मला काळी, ठाम रेघ देणारी मशीन हवी होती.

पैसे साठवत होते त्या दिवसांत ओळखीच्या एक मावशी आल्या. आईच्या मनगटावरची नक्षी फोनमध्ये होती, आई गेल्या होत्या. म्हणाल्या, “दागिने वाटून झाले बाई. हे तेवढं मला दे.” दागिने इथेच राहतात, गोंदण सोबत येतं, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर दागिने गेले होते आणि आईचं गोंदण आईसोबत.

मग पुढचा प्रश्न स्वच्छतेचा. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदून घेणारे तुम्ही पाहिले असतील. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असाच पसरू शकतो. कॉइलला स्टीलची नळी वापरली तर प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ती धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये टाकावी लागते, निदान १२१ अंशांवर. मध्येच लाइट गेली की तो फेरा वाया. रोटरी पेनला सुईचं कार्ट्रिज एकदा वापरून टाकून देता येतं. फक्त आत पडदा असलेलंच घ्यायचं, नाहीतर शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये शिरतं.

मी रोटरी पेन घेतली. ४ मिलिमीटर स्ट्रोक, बॅटरीवर चालणारी, सोबत जास्तीची एक बॅटरी. दुरुस्तीसाठी सुरतचा फेरा पडेल, हे मान्य करून. घेण्याआधी दुकानात ती दहा मिनिटं नुसती हातात धरून कागदावर रेघा ओढल्या, मनगट दुखतं का ते बघायला. तुम्हीही बघा. सध्या रोज संध्याकाळी सरावाच्या रबरी कातडीवर मावशींच्या आईची नक्षी काढते. टिंबांमधली जागा जमली, की त्यांना फोन करणार आहे.