रोध

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला मोटारीतील ऊब देणाऱ्या यंत्रणेचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडे मोटारीत बसल्याबरोबर पहिली घाई असते ती काचा खाली करण्याची. समोरच्या फळीवर निळ्या पट्टीच्या शेजारी लाल पट्टी कशासाठी काढलेली असते, हा प्रश्न तिकडे कोणाला पडत नाही. मी अध्यापनाच्या निमित्ताने सिमल्यास येऊन राहिलो, तेव्हा त्या लाल पट्टीची ओळख झाली. आणि वडील गेल्यावर गावच्या घराला कुलूप लावून आईला इकडे आणले, तेव्हा तिचे महत्त्व कळले.

सिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. आईला दम्याचा विकार. दर पंधरवड्याला तिला डॉक्टरांकडे न्यावे लागे, तेही सकाळी, रस्त्यावर गोठलेले दव वितळण्याआधी. आमची मोटार वीस वर्षांची. एका जानेवारीत तिच्या हीटरचा पंखा बिघडला. बटणाला चार वेग. पहिले तीन निःशब्द झाले आणि चौथा तेवढा उरला. तो लावला की गरम, कोरड्या हवेचा लोट तोंडावर येई आणि आईला खोकल्याची उबळ सुरू होई. बंद केला तर गारठ्याने तीच अवस्था, शिवाय समोरच्या काचेवर आमच्याच श्वासाची वाफ साचून दरीकडची कड दिसेनाशी होई. आम्हांला हवा होता तो दुसरा वेग, आणि नेमका तोच नव्हता.

संजौलीकडून जुन्या बोगद्यातून ढल्लीला निघाले की रस्त्याकडेला एका वृद्ध उस्तादांचे टपरीवजा दुकान लागे. त्यांनी बटण चारही घरांत फिरवले, कान दिला आणि म्हणाले, "चौथे पर चलता है तो मोटर जिंदा है, बाबूजी. बीचवाला मरा है."

हा 'बीचवाला' कोण, हे त्यांनी दाखवून दिले. यंत्रणा मुळात साधी आहे. आमच्या घरच्या तांब्याच्या बंबात मध्ये विस्तव आणि भोवती पाणी असे. इथे मध्ये पाणी आणि भोवती वारा. इंजिनाभोवती फिरून ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलेले पाणी एका लहान जाळीदार रेडिएटरमधून जाते आणि विजेचा पंखा त्यावरून हवा ढकलतो. चौथ्या वेगाला बॅटरीची वीज थेट पंख्याला मिळते. खालच्या वेगांना ती वाटेत तारेच्या वेटोळ्यांतून जाते. शाळेत आम्ही ज्याला 'रोध' म्हणत असू, तो हा. उस्तादांनी दोन तारा जोडलेला एक छोटा दिवा घेतला. बटणाकडून येणाऱ्या तारेला तो लावला, तर उजळला. पुढे पंख्याकडे जाणाऱ्या तारेला लावला, तर काळोख. बटण निर्दोष, मोटर निर्दोष. तिन्ही मंद वेगांचा सामाईक दुवा जळालेला.

जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी या रोधाचा नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. स्वदेशात त्याचे स्वागत इतके थंड झाले, की त्यांनी नोकरी सोडली. सन्मान आला तो लंडनच्या रॉयल सोसायटीकडून, १८४१ मध्ये. त्याच सुमारास जूल यांनी रोधातून वीज जाताना किती उष्णता निघते, याचे गणित बसविले. मंदपणा फुकट मिळत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. पंख्याला जेवढा जोर कमी मिळतो, त्याचा भार वेटोळे स्वतः तापून सोसते. म्हणूनच त्याला हवेच्याच वाटेत बसवतात. ज्या पंख्याला ते आवर घालते, त्याच्याच वाऱ्यावर ते निवते आणि टिकते.

उस्तादांनी जळालेला तुकडा लगेच बदलला नाही. "नया भी जल जाएगा," ते म्हणाले आणि त्यांनी आधी पंखा बाहेर काढला. देवदाराच्या सुया काचेखालच्या जाळीतून आत पडून पात्यांत गच्च रुतल्या होत्या. पंखा जड फिरत होता, जास्त वीज ओढत होता आणि वारा मात्र कमी देत होता. वेटोळ्यावरचा भार वाढला होता आणि त्याला निवविणारी हवा आटली होती. ते दोन्ही बाजूंनी जळाले होते.

मी बराच वेळ तो काळवंडलेला तुकडा हातात धरून उभा होतो. माझे वडील चौथ्या वेगाचे गृहस्थ होते. कर्तबगार, सरळ, आणि संतापले की घर हादरविणारे. आम्हां भावंडांपर्यंत त्यांचा संताप पोहोचे तो आईतून गाळून. येईपर्यंत त्याची नुसती समज झालेली असे. वडिलांच्या मायेची ऊब आम्हांला सोसेल इतकीच लागली, असे आम्ही आजही अभिमानाने सांगतो. मधल्या मध्ये उरलेली धग कोठे गेली, हे कोणी विचारले नाही. तिच्या दम्याचे कारण वैद्यकशास्त्र वेगळे सांगते, आणि ते बरोबरच असणार. पण त्या घरात तिच्या अंगावरून थोडा वारा वाहता ठेवावा, तिचे म्हणून काही ऐकावे, हे चाळीस वर्षांत कोणाला सुचले नव्हते.

उस्तादांनी सुया काढल्या, पाती पुसली, मोटरच्या आसाला तेलाचा थेंब दिला आणि मग एका मोडीतल्या गाडीचा चांगला रोध बसविला. दुसरा वेग पुन्हा सुरू झाला. परतीच्या वाटेवर आईने कानावरची शाल सैल केली आणि आजोळच्या विहिरीविषयी काही सांगू लागली. ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

आता पावसाळा सरला की मी काचेखालची जाळी स्वतः झाडतो. आणि संध्याकाळी चहानंतर आई बोलू लागली, की हातातले वर्तमानपत्र खाली ठेवतो.